वैद्यकीय सिम्युलेशन: बाहुलीवरचा सराव म्हणजे काय, आणि लाभार्थी त्यात कसे सहभागी होऊ शकतात?

योजनेचे कार्ड रुग्णालयाच्या दारात पोहोचल्यावर कामाला येते. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, सिझेरियन, औषधे आणि रुग्णालयापर्यंतचा प्रवास मोफत असतो. पण माणूस रस्त्यात कोसळला, तर रुग्णवाहिका येईपर्यंतच्या मिनिटांत कार्ड काही करू शकत नाही. बाळ जन्मले आणि रडलेच नाही, तर त्या पहिल्या मिनिटातही ते कामाचे नसते. त्या वेळी जवळ असलेल्या माणसाच्या हातांना काय करायचे ते येते का, एवढाच प्रश्न उरतो.

हे हात तयार करण्याची एक पद्धत आहे. तिला वैद्यकीय सिम्युलेशन म्हणतात. सोप्या शब्दांत, खोट्या रुग्णावर केलेला खरा सराव. सरकारी आरोग्य कार्यक्रमांत ही पद्धत बरीच वर्षे वापरली जात आहे, पण लाभार्थ्यांना तिची माहिती क्वचित दिली जाते. बेंगळुरूच्या शिवाजीनगरमधील (पुण्याच्या नव्हे) मराठी वाचकांना समोर ठेवून हा लेख लिहिला आहे. इतर ठिकाणच्या वाचकांनाही त्यातील बहुतेक माहिती लागू पडेल.

सिम्युलेशनमध्ये नेमके काय करतात?

सर्वांत साधा प्रकार म्हणजे बाहुली. माणसाच्या आकाराचा, छाती दाबली की आत जाऊन परत वर येणारा पुतळा जमिनीवर ठेवतात आणि त्यावर छाती दाबण्याचा सराव करतात. १९६० साली नॉर्वेमधील आसमुंड लेर्दाल या खेळणी बनवणाऱ्या उद्योजकाने असा पुतळा तयार केला. मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या बनवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता आणि डॉक्टरांना नेमके तेच हवे होते. आज जगभर सीपीआर शिकवायला वापरले जाणारे पुतळे त्याच घराण्यातले आहेत.

दुसरा प्रकार नवजात बाळाच्या बाहुलीचा. तिच्यात पाणी भरले की ती खऱ्या बाळाइतकी जड होते आणि तिची मान तशीच लुळी पडते. शिकवणारा लहान रबरी फुगे दाबून तिच्या नाळेत ठोके आणतो, तिला श्वास घ्यायला लावतो, रडवतो किंवा गप्प ठेवतो. शिकणाऱ्या सिस्टरने मास्क नीट बसवला तरच बाहुलीची छाती वर येते. मास्कच्या कडेने हवा निसटली तर छाती हलत नाही आणि चूक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उघड होते. पुस्तक वाचून हे कळत नाही.

तिसऱ्या प्रकारात बाहुलीची गरजच नसते. कुणीतरी रुग्णाचे सोंग घेतो, कुणी घाबरलेला नातेवाईक होतो आणि प्रसूतिगृहात किंवा अपघात विभागात अचानक सराव सुरू होतो. याला मॉक ड्रिल म्हणतात. बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव झाला तर कोण धावणार, रक्तपेढीला फोन कोण करणार, इंजेक्शन कुठल्या कपाटात आहे, हे अशा सरावात समजते. पुष्कळदा कपाटाची चावी कोणाकडे आहे तेही तेव्हाच समजते.

सरकारी कार्यक्रमांत हा सराव कुठे बसतो?

नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम २००९ मध्ये सुरू झाला. त्यात डॉक्टर आणि परिचारिकांना बाळाला उबेत ठेवणे, पुसणे आणि श्वास सुरू करून देणे शिकवतात. माता-बाल आरोग्याच्या कौशल्य प्रयोगशाळा, म्हणजे स्किल लॅब, कशा चालवायच्या याच्या सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१३ मध्ये दिल्या आणि २०१५ मध्ये दिल्लीत ‘दक्ष’ नावाने राष्ट्रीय पातळीवरील प्रयोगशाळा सुरू झाल्या. प्रसूतिगृहांचा दर्जा सुधारण्यासाठीचा ‘लक्ष्य’ उपक्रम डिसेंबर २०१७ चा आहे. डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांसाठी ‘राष्ट्रीय आपत्कालीन जीवनरक्षण’ अभ्यासक्रम डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाला. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी २०१९ पासून जो नवा अभ्यासक्रम लागू झाला, त्यात रुग्णाला हात लावण्याआधी स्किल लॅबमध्ये सराव करण्यावर भर आहे.

शिवाजीनगरच्या रहिवाशांच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. बाउरिंग अँड लेडी कर्झन रुग्णालय आता वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, आणि प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला स्किल लॅब ठेवावी लागते. त्यामुळे ‘शिकाऊ डॉक्टर माझ्यावर हात बसवून घेणार का?’ ही भीती मनात असेल तर विचारायला संकोच करू नका. हात बाहुलीवर बसवून घ्यायचा आणि मग रुग्णाकडे यायचे, अशीच नव्या अभ्यासक्रमाची अपेक्षा आहे.

बेळगावात काय दिसले?

बाहुलीवर सराव केल्याने खरी बाळे वाचतात का? या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर आपल्याच भागातून आले आहे.

‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा नवजात बाळांना श्वास देण्याचा प्रशिक्षणक्रम २०१० मध्ये जगभर पुढे आला. त्याचा गाभा एका मिनिटाचा आहे. बाळ जन्मल्यापासून एका मिनिटाच्या आत त्याचा श्वास सुरू झाला पाहिजे, किंवा पिशवी आणि मास्कने तो द्यायला सुरुवात झाली पाहिजे. बहुतेक बाळे स्वतःच श्वास घेतात. काहींना कोरडे पुसून पाठ चोळली की पुरते. शंभरातल्या साधारण तीन ते सहा बाळांना मात्र पिशवी-मास्कची मदत लागते. ती नेमकी कोणती बाळे असतील, हे आधी सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक प्रसूतीला तयारी हवी.

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतील, तसेच जिल्हा व शहरी रुग्णालयांतील ५९९ प्रसूती सेवकांना हे प्रशिक्षण दिले. आधीची आणि नंतरची आकडेवारी त्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. मृत जन्मांचे प्रमाण ३.० टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले होते. जन्माच्या थोडा वेळ आधी किंवा जन्मतानाच मृत झाल्याची नोंद होते, अशा बाळांचे प्रमाण १.७ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आले, म्हणजे जवळजवळ निम्मे झाले.

प्रशिक्षण तर जन्मानंतरच्या मदतीचे होते, मग मृत जन्म कसे कमी झाले? इथे एक दुःखद गोष्ट लपलेली आहे. निळसर, लुळे, न रडणारे बाळ पाहून ‘मृत जन्मले’ असे लिहिले जात असे, पण त्यातल्या काही बाळांचे हृदय चालू असायचे. ती जिवंत होती, फक्त श्वास घेत नव्हती. नाळेचे ठोके बोटांनी तपासायची आणि मास्क लावायची सवय ज्या हातांना लागली, त्या हातांनी अशी बाळे ओळखली. तुमच्या घरात पूर्वी असे घडले असेल, तर हे वाचताना त्रास होईल हे आम्ही जाणतो. पण पुढच्या प्रसूतीसाठी ही माहिती हवी.

उलटे धरून थोपटणे, गालावर चापट मारणे, गार पाणी शिंपडणे या जुन्या पद्धती बाळाला इजा करू शकतात. या प्रशिक्षणात त्या टाळायलाच शिकवतात.

याच अभ्यासाचा दुसरा भागही सांगायला हवा. २८ दिवसांच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण बेळगावात कमी झाले नाही, ते १.८ आणि १.९ टक्के असे जवळपास तेच राहिले. पुढे बेळगाव, नागपूर आणि केनियाचा पश्चिम भाग अशा तीन ठिकाणी मोठ्या प्रमाणावर प्रशिक्षण दिले गेले. २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा सगळीकडे सारखी आणि स्पष्ट घट दिसली नाही. म्हणजे प्रशिक्षण दिले, प्रमाणपत्रे वाटली आणि काम झाले, असे होत नाही.

कपाटातली बाहुली

असे का झाले असावे, याचा चांगला अंदाज टांझानियातील हायडोम या ग्रामीण भागातल्या रुग्णालयाच्या अनुभवावरून येतो. तिथे आधी एका दिवसाचे प्रशिक्षण झाले. सात महिन्यांनी तपासले, तेव्हा बाहुलीवर सगळ्यांचे हात आधीपेक्षा चांगले चालत होते. प्रसूतिगृहात खऱ्या बाळांसोबतचे वागणे मात्र बदललेले नव्हते. मग त्यांनी पद्धत बदलली. बाहुली प्रसूतिगृहातच ठेवली आणि दर आठवड्याला तीन ते पाच मिनिटांचा छोटा सराव सुरू केला. त्यानंतर पहिल्या २४ तासांत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण हजारी ११.१ वरून ७.२ वर आले.

ड्रायव्हिंग शिकून दोन वर्षे गाडीला हात न लावलेल्या माणसाला गर्दीच्या रस्त्यावर सोडावे, तसेच इथे आहे. हे हातांचे कौशल्य आहे, ते वापरले नाही तर जाते. म्हणून ‘इथे प्रशिक्षण झाले आहे का?’ या प्रश्नापेक्षा ‘शेवटचा सराव कधी झाला?’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे. बाहुली प्रसूतिगृहाजवळ हाताशी आहे, की खोक्यात बंद करून भांडाराच्या कपाटात ठेवली आहे, यावरून पुष्कळ काही कळते.

हे आम्ही लाभार्थ्यांना मुद्दाम सांगत आहोत, कारण विचारायची संधी त्यांना मिळते. सरकारी रुग्णालयात प्रसूतीच्या वेळी सोबत एक बाईमाणूस, म्हणजे प्रसूतीसोबती, ठेवण्याची मुभा आहे. सासू, आई, बहीण किंवा ओळखीची शेजारीण चालते. सोबत जाणाऱ्या बाईने नावनोंदणीच्या किंवा तपासणीच्या वेळी सिस्टरना आदराने एवढेच विचारावे: “बाळ रडले नाही तर लागणारी पिशवी आणि मास्क खोलीत तयार असतो ना?” भांडणाच्या सुरात विचारायची गरज नाही. चांगल्या प्रसूतिगृहात हा प्रश्न ऐकून सिस्टर स्वतःहून जागा दाखवतात. शिवाजीनगरमधील घोषा रुग्णालय असो, बाउरिंग असो की महाराष्ट्रातले एखादे उपजिल्हा रुग्णालय, प्रश्न हाच ठेवा.

गावातल्या बायकांनी हे आधी केले आहे

ही कामे फक्त मोठ्या डॉक्टरांची आहेत, असे वाटत असेल तर गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत स्थानिक महिलांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. श्वास न घेणाऱ्या बाळाला मदत करणे हा त्या कामाचा एक भाग होता. तिथे नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हे यश सगळ्या सेवांचे मिळून होते, एकट्या श्वास देण्याचे नव्हे. आज आशाताई बाळंतपणानंतर घरी भेटी देतात (रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर ६, घरी झाली असेल तर ७), त्या सरकारी कार्यक्रमाची प्रेरणा याच कामातून आली.

रुग्ण आणि नातेवाईकांनी सरावात कशाला बसायचे?

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील शल्यचिकित्सक प्रा. रॉजर नीबोन यांनी हवा भरून उभा करता येईल असा शस्त्रक्रियागृहाचा तंबू बनवला. तो संग्रहालयांत आणि जत्रांत नेऊन त्यांनी सामान्य लोकांसमोर शस्त्रक्रियेचा सराव करून दाखवला. लोक फक्त बघायला आले नव्हते. त्यांनी प्रश्न विचारले, आणि डॉक्टरांना रोजच्या सवयीने न दिसणाऱ्या गोष्टी दाखवून दिल्या. रुग्णाला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेताना त्याच्याशी कोणी बोलतच नाही, यासारख्या गोष्टी बाहेरच्या माणसालाच आधी दिसतात.

शिवाजीनगरला तंबूची गरज नाही. इथला खरा अडथळा वेगळा आहे. रसेल मार्केटच्या आसपासच्या एकाच गल्लीत दखनी, तमिळ, कन्नड, तेलुगू आणि मराठी बोलणारी घरे आहेत. रात्री दोन वाजता घाबरलेली आजी नातसुनेला घेऊन येते आणि ‘तिला झटके आले होते’ हे मराठीत सांगते. ड्युटीवरच्या सिस्टरना कन्नड आणि तमिळ येते. गरोदर बाईला झटके येणे हे जिवावरचे लक्षण असते, तिथे पाच मिनिटे भाषेत गेली तर ती महाग पडतात. मॉक ड्रिलमध्ये सगळे नातेवाईक कन्नड बोलणारेच असतील तर ही अडचण कधीच दिसणार नाही. सरावात खरोखरच मराठी किंवा दखनी बोलणारी एखादी आजी बसवली, तर पहिल्याच वेळी दिसेल. आमच्या मते शहरी रुग्णालयांच्या सरावात एवढा एक बदल केला तरी पुष्कळ साधेल. त्याला खर्चही नाही.

ही मागणी कुठे करायची? कर्नाटकातील सरकारी रुग्णालयांना आरोग्य रक्षा समिती असते, महाराष्ट्रात तिला रुग्ण कल्याण समिती म्हणतात. वस्तीच्या पातळीवर महिला आरोग्य समिती असते. राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानातून चालणारी ही समिती साधारण ५० ते १०० घरांमागे एक असते आणि तिला वर्षाला ५,००० रुपयांचा खुला निधी मिळतो. तुमच्या वस्तीत ती आहे का, हे आशाताई किंवा जवळच्या ‘नम्म क्लिनिक’मधील कर्मचारी सांगतील. समितीच्या बैठकीत दोन गोष्टी मांडा: आपल्या रुग्णालयाच्या पुढच्या सरावात वस्तीतल्या दोन बायकांना बोलवावे, आणि वस्तीत सीपीआरचे एक सत्र घ्यावे. तोंडी सांगून विसरले जाते, म्हणून अर्ज लिहून द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. अर्ज मराठीत लिहिला असेल तर सोबत कन्नडमध्ये दोन ओळी जोडा, काम लवकर होते.

तुम्ही स्वतः काय शिकू शकता?

आधी एक फरक समजून घ्या. हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झटक्यात हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. छातीत दुखते, घाम फुटतो, डावा हात किंवा जबडा दुखतो, पण माणूस बहुधा शुद्धीवर असतो. त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यायचे असते. कर्नाटकात २०२३ मध्ये जाहीर झालेल्या डॉ. पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजनेत तालुका आणि जिल्हा रुग्णालयांतच ईसीजी काढून तो जयदेव हृदयरोग संस्थेसारख्या मोठ्या केंद्राला दाखवतात आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे महाग इंजेक्शन मोफत देतात. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ रोजी ४६ व्या वर्षी हृदयविकाराने गेले, त्यांचे नाव या योजनेला दिले आहे.

हृदय बंद पडले तर मात्र माणूस कोसळतो, हाक मारून उठत नाही आणि नीट श्वास घेत नाही. इथे रुग्णालयापर्यंत थांबायला वेळच नसतो. काही केले नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. कमर्शियल स्ट्रीटच्या गर्दीत किंवा सप्टेंबरमध्ये सेंट मेरी बॅसिलिकाच्या जत्रेच्या दिवसांत रुग्णवाहिकेला आत यायला किती वेळ लागेल, हे तिथल्या रहिवाशांना सांगायला नको.

सामान्य माणसासाठी भारतातील भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने तयार झालेली पद्धत फक्त छाती दाबण्याची आहे, तोंडाने श्वास द्यायची गरज नाही. जागा सुरक्षित आहे ना ते पाहा. खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नसेल तर १०८ किंवा ११२ ला फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि आसपासच्यांना मदतीला बोलवा. माणसाला कडक जमिनीवर उताणे ठेवा, गादीवर नको. छातीच्या मध्यभागी हाडावर एका तळहाताची टाच ठेवा, दुसरा हात त्यावर ठेवा, कोपरे ताठ करा आणि अंगाचे वजन टाकून दाबा. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे आणि प्रत्येक दाबानंतर पूर्ण वर आली पाहिजे. वेग मिनिटाला १०० ते १२०. दोन मिनिटांत दम लागतो, म्हणून हात बदलायला दुसरा माणूस हवा. रुग्णवाहिका येईपर्यंत किंवा माणूस हालचाल करेपर्यंत थांबू नका. जवळ एईडी यंत्र असेल तर ते चालू करा, पुढे काय करायचे ते यंत्रच बोलून सांगते.

सर्वांत जास्त चूक एका ठिकाणी होते. हृदय बंद पडलेला माणूस पहिल्या काही मिनिटांत अधूनमधून आचके देतो, घरघर आवाज करतो. लोकांना वाटते, ‘श्वास चालू आहे’, आणि ते थांबतात. तो श्वास नव्हे. माणूस उठत नाही आणि नुसते आचके देतो आहे, तर दाबायला सुरुवात करा. पाणी पाजणे, कांदा किंवा चप्पल हुंगवणे, बसते करून वारा घालणे यात मोलाची मिनिटे जातात.

हे वाचून कळते, पण ५ सेंटिमीटर म्हणजे हाताला किती जोर लागतो ते बाहुलीवर दाबल्याशिवाय समजत नाही. पहिल्यांदा दाबणारे बहुतेक जण घाबरून फार हलके दाबतात. लहान मुले आणि पाण्यात बुडालेली माणसे यांना छाती दाबण्याबरोबर श्वासही द्यावा लागतो, तो भाग शिकवणाऱ्याकडूनच शिकावा.

मदत केली म्हणून पोलीस माझ्यामागे लागतील का?

रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चे संरक्षण आहे. २०१९ च्या दुरुस्तीने हे कलम आले आणि त्याचे नियम २०२० मध्ये लागू झाले. तुम्ही सद्भावनेने मदत केली आणि तरी जखमी माणूस वाचला नाही, तर तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. पोलीस तुम्हाला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत. रुग्णालय तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही किंवा तुमच्याकडे उपचाराचे पैसे मागू शकत नाही. अपघातग्रस्ताच्या उपचाराची सोय वेगळी आहे: मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेत पहिल्या ७ दिवसांसाठी १.५ लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार मिळतात.

हे कलम मोटार अपघातांपुरते आहे. घरात किंवा बाजारात कोसळलेल्या माणसाला ते जसेच्या तसे लागू होत नाही. तिथे भारतीय न्याय संहितेचे कलम ३० पाहावे: बेशुद्ध माणसाची संमती घेणे शक्य नसताना त्याच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही.

पात्रता, खर्च आणि कागदपत्रे

सीपीआरच्या सरकारी जनजागृती सत्रांसाठी शिधापत्रिका किंवा आयुष्मान कार्डाची गरज नसते, शिक्षणाची अटही नसते. ६ डिसेंबर २०२३ रोजी देशभरातील वैद्यकीय महाविद्यालयांतून एकाच दिवशी असे प्रशिक्षण दिले गेले आणि १३ ते १७ ऑक्टोबर २०२५ या काळात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सीपीआर जागृती सप्ताह पाळला. अशा वेळी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. एरवी वस्ती, शाळा, गणेश मंडळ किंवा महिला बचत गट यांनी मिळून महाविद्यालयाच्या भूल विभागाला किंवा सामुदायिक वैद्यक विभागाला पत्र दिले, तर वीस-तीस माणसांचे सत्र ठरवणे त्यांनाही सोपे जाते. एकेकट्याने जाण्यापेक्षा गटाने पत्र द्या.

खासगी केंद्रांतले प्रमाणपत्र अभ्यासक्रम शुल्क घेऊन चालतात. नोकरीसाठी लागत असेल तर ते जरूर करा. शेजाऱ्याची छाती दाबायला प्रमाणपत्र लागत नाही, त्यामुळे ‘प्रमाणपत्राशिवाय मदत करणे बेकायदा आहे’ असे सांगून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. सत्राला जाताना सैल कपडे घाला, कारण गुडघ्यावर बसून वाकावे लागते. साडी नेसणाऱ्या बायकांनी पदर खोचून घ्यावा. गुडघे दुखणाऱ्यांनी शिकवणाऱ्याला आधी सांगावे, त्यांना फोन करणे, गर्दी हटवणे, एईडी आणणे ही कामे शिकवतात. तीही तितकीच लागतात. शिकून सहा महिने झाले की पुन्हा एकदा बाहुलीवर हात चालवून घ्या.

मदतीचे क्रमांक: रुग्णवाहिका १०८ (कर्नाटक व महाराष्ट्र दोन्हीकडे), सर्व आपत्कालीन सेवा ११२, आरोग्यविषयक माहिती व तक्रार १०४, आयुष्मान भारत योजनेची चौकशी १४५५५. फोनवर पत्ता सांगताना गल्लीचे नाव, जवळची मशीद, चर्च, देऊळ किंवा दुकान आणि कोणत्या बाजूने गाडी आत येऊ शकते, हे आधी सांगा. मग एका मुलाला गल्लीच्या तोंडाशी उभे करा.